घरातली वडीलधारी माणसं आणि अंगात मुरलेली धग
(शेतकऱ्यांसाठीच्या रेडिओ कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवेळी मी तुमच्यापुढं येतो तो बियाणं, खतं, फवारणी असला काहीतरी विषय घेऊन. आजचा विषय शेतातला नाही. तो घराच्या सोप्यात बसलेल्या माणसांचा आहे. साठी उलटलेले तुमचे-माझे आईवडील, सासूसासरे, चुलते, त्यांच्याबद्दल आज बोलायचं आहे. मी डॉक्टर नाही. बी.एस्सी. ॲग्री. झालेला, पंचायत समितीत विस्तार अधिकारी म्हणून काम करणारा माणूस आहे. तेव्हा औषधांचे डोस मी सांगणार नाही, ते डॉक्टरांचं काम. पण या विषयावर बोलायला मला माझ्याच घरातल्या एका प्रसंगानं भाग पाडलं आहे. तो आधी सांगतो.

२०२३ सालचा मे महिना होता. खरिपाची तयारी चाललेली. मी गावोगाव फिरून सोयाबीनची उगवणशक्ती कशी तपासायची ते दाखवत होतो. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळायचे आणि किती उगवले ते मोजायचं, तुम्हाला माहीतच आहे. तिकडं घरी आमचे आण्णा, म्हणजे माझे वडील, वय अडुसष्ट, बांधावरची बाभळ तोडत होते. तोडताना चपलेच्या तळातून काटा पायात गेला. कधी गेला ते त्यांनाही कळलं नाही. चार दिवसांनी आईनं अंथरुणावर डाग पाहिला तेव्हा पाय बघितला. आण्णा म्हणाले, "काय न्हाई गं, जरा टोचलंय. दुखत बी न्हाई." तंबाखू आणि चुना मळून वर दाबला, चिंधी बांधली, आणि गेले रानात.

मंडळी, ते "दुखत बी न्हाई" हेच वाईट लक्षण होतं. पण ते आम्हाला कुणालाच कळलं नाही.

पुढं दोन आठवडे असेच गेले. ताप नव्हता. आण्णांचं जेवण कमी झालं, ते आईनं उन्हावर ढकललं. एका संध्याकाळी मी गाडी लावून सोप्यात आलो, तर आण्णांनी मला त्यांच्या वारलेल्या भावाच्या नावानं हाक मारली आणि विचारलं, "बैलं सोडली का रं?" आमच्या दावणीची बैलं जाऊन बारा वर्षं झाली होती. मला वाटलं, वय झालं, आता असंच व्हायचं. जेवलो आणि झोपलो. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या बायकोला वास आला म्हणून तिनं चिंधी सोडली. अंगठा काळा पडला होता.

जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं. रक्तातली साखर चारशेच्या वर निघाली. साखर आहे हे घरात कुणाला ठाऊकच नव्हतं, कारण कधी तपासलीच नव्हती. अंगठा आणि शेजारचं बोट काढावं लागलं. डॉक्टर म्हणाले, आणखी चार दिवस उशीर झाला असता तर घोट्यापर्यंत जावं लागलं असतं. आणि एवढं सगळं होऊन थर्मामीटरमध्ये ताप साडेअठ्ठ्याण्णव.

मी तिथं बाकावर बसून विचार करत होतो. गेली नऊ वर्षं मी शेतकऱ्यांना सांगतोय, पान वरून बघू नका, उलटं करून बघा, पांढरी माशी आणि तुडतुडे खालच्या बाजूला असतात. आणि माझ्या बापाचा तळपाय मी एकदाही उलटा करून बघितला नव्हता.

हे का झालं, ते आता नीट समजून घेऊ. काट्यापासूनच सुरुवात करू.

त्या वेळच्या रशियन साम्राज्यात जन्मलेले मेच्निकॉफ नावाचे एक शास्त्रज्ञ होते. १८८२ साली ते इटलीतल्या सिसिली बेटावर मेसिना गावी राहत होते. समुद्रातल्या तारामाशाची पिल्लं काचेसारखी आरपार दिसतात. त्या पिल्लांच्या अंगात मेच्निकॉफ यांनी गुलाबाचे काटे टोचून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. काट्याभोवती त्या जीवाच्या अंगातल्या फिरत्या पेशी गोळा झाल्या होत्या. शेतात डुक्कर शिरल्यावर गाव काठ्या घेऊन धावतं, तशी. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी हेच काम करतात. या शोधासाठी १९०८ साली त्यांना जर्मनीच्या पॉल एर्लिख यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळालं.

या पेशी धावून येतात तेव्हा ती जागा लाल होते, सुजते, गरम लागते आणि ठणकते. याला दाह म्हणायचं. ठणका आपल्याला नको वाटतो, पण दाह हा आपला राखणदार आहे. काटा, जंतू, घाण साफ केली की त्यानं शांत व्हायचं असतं. तरण्या माणसात साधारण तसंच होतं. आठ-दहा दिवसांत जखम भरते, सूज उतरते, विषय संपला.

म्हातारपणी मात्र दोन्हीकडून बिघडतं. एक म्हणजे खरा शत्रू येतो तेव्हा राखणदार उशिरा उठतो. दुसरं म्हणजे शत्रू नसतानाही अंगात मंद मंद धग चालू राहते. ही धग डोळ्यांना दिसत नाही, ठणकतही नाही. तुम्ही कडब्याची गंजी कधी ओली रचली असेल तर हे तुम्हाला लगेच कळेल. बाहेरून गंजी चांगली दिसते. आत हात घातला की चटका बसतो. वैरण आतल्या आत खराब होत असते.

इटलीतल्याच क्लाउडियो फ्रान्सेस्की या शास्त्रज्ञांनी २००० साली या रेंगाळणाऱ्या दाहाला खास नाव दिलं. दाह आणि म्हातारपण या दोन शब्दांची त्यांनी सांगड घातली. तेव्हापासून जगभर यावर पुष्कळ काम झालं आहे. हृदयाच्या रक्तवाहिन्या कडक होणं, साखर आवरेनाशी होणं, मांड्या-दंड वाळणं, हाडं ठिसूळ होणं, या सगळ्यांशी या मुरलेल्या धगीचा संबंध दिसतो. ती एकटीच कारण असते असं नाही, पण या दुखण्यांना तिची मदत होते.

राखणदार उशिरा का उठतो, तेही सांगतो. छातीच्या मधल्या हाडामागं थायमस नावाची एक ग्रंथी असते. तिला आपण रोपवाटिका म्हणू. पांढऱ्या पेशींतल्या एका महत्त्वाच्या जातीची रोपं इथं तयार होतात. लहानपणी ही रोपवाटिका जोरात असते. वयात आल्यापासून ती आकसत जाते आणि म्हातारपणी तिथं बहुतेक चरबीच उरते. म्हणजे नवीन रोपं जवळजवळ बंद, जुन्याच झाडांवर काम भागवायचं. जुनी झाडं जुना रोग ओळखतात. लहानपणी गोवर येऊन गेला असेल तर तो सहसा पुन्हा होत नाही. पण अगदी नवा रोग आला की अडचण होते. २०२० आणि २०२१ साली करोनानं सगळ्यात जास्त म्हातारी माणसं का नेली, त्याचं एक कारण हे आहे.

आता तापाबद्दल, कारण आमच्या घरची फसगत तिथंच झाली. आपल्याकडं आजारी माणसाच्या कपाळाला हात लावतात आणि "अंग गार आहे" म्हणून निर्धास्त होतात. म्हाताऱ्या माणसाचं अंग आधीच थोडं थंड असतं, आणि राखणदार मंदावलेला असल्यानं मोठा संसर्ग होऊनही ताप चढत नाही, किंवा थोडाच चढतो. न्यूमोनिया असो, लघवीतला संसर्ग असो, नाहीतर पायातला पू. मग कळायचं कसं? तुम्ही जनावराचं कसं ओळखता? गाईनं वैरण सोडली, रवंथ थांबलं, कान पडले, की तुम्ही थर्मामीटर शोधत बसत नाही, जनावरांच्या डॉक्टरला फोन लावता. तीच नजर घरातल्या माणसाकडं वळवा. कालपर्यंत दीड भाकरी खाणारा माणूस आज चतकोर खातो. अचानक बरळायला लागतो, दिवस कुठला आणि घर कुणाचं ते विसरतो. बसल्या जागी पेंगतो. चालताना पडतो. धाप लागते. लघवी कमी होते. यातलं काहीही एक-दोन दिवसांत नव्यानं सुरू झालं असेल तर ते वय नव्हे, आजार आहे. त्याच दिवशी दवाखाना गाठा. विसराळूपण वर्षावर्षानं वाढतं तो प्रकार वेगळा. एका संध्याकाळी जो घोटाळा होतो त्याच्यामागं बहुतेक वेळा अंगात काहीतरी पेटलेलं असतं. मी ती रात्र झोपून काढली, तुम्ही काढू नका.

ही धग कशानं वाढते, त्याची यादी मोठी आहे. आपल्या घरांत जे दिसतं तेवढंच घेतो.

पहिली साखर. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मदतीनं झालेल्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांत आपल्या देशात सुमारे दहा कोटी लोकांना मधुमेह असल्याचं दिसलं, म्हणजे शंभर मोठ्या माणसांत अकरा. हा शहरातल्या खुर्चीवरच्या लोकांचा रोग आहे, ही समजूत आता सोडून द्या. रक्तात साखर चढलेली राहिली की पांढऱ्या पेशी सुस्तावतात, बारीक रक्तवाहिन्या खराब होतात आणि पायांतल्या नसा बधिर होतात. आण्णांना काटा टोचलेला कळला नाही तो यामुळं. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची साखर आणि रक्तदाब उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट तपासतात. माती परीक्षणासाठी तुम्ही मातीचा नमुना घेऊन तालुक्याला येता. बोटातला रक्ताचा एक थेंब द्यायला गावातल्या गावात जायचं आहे.

दुसरी मिश्री आणि तंबाखू. हा विषय काढला की आयाबाया पदर तोंडाला लावून हसतात. पण हिरड्यांतून रक्त येणं, दात हलणं म्हणजे तोंडातली कायमची उघडी जखमच आहे. तिच्यातून जंतू आणि दाहाची द्रव्यं रोज रक्तात जातात. हिरड्या खराब असल्या की साखर आवरत नाही, आणि साखर वाढली की हिरड्या आणखी खराब होतात. मिश्री ही भाजलेली तंबाखू आहे. ती दात घासायची पावडर नव्हे. माझ्या आईनं चाळीस वर्षं लावली. आण्णांचा अंगठा गेल्यावर तिनं डबी चुलीत टाकली, आणि पुढचे तीन आठवडे घरात तिच्यापुढं कुणाला बोलायची सोय राहिली नव्हती. सुटायला त्रास होतो हे खरं आहे, पण सुटते.

तिसरा चुलीचा धूर. घरात गॅस आला तरी पाणी तापवायला आणि भाकरीला चूल आहेच. सिलिंडर महाग पडतो हे मलाही कळतं. निदान चूल उघड्यावर न्या, धुराला वाट द्या, आणि दम्याचं, खोकल्याचं माणूस तिच्यापुढं बसवू नका. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर बेडका तपासून घ्या. तरुणपणी अंगात दबून बसलेला क्षय म्हातारपणी, आणि साखर असेल तर जास्तच, डोकं वर काढतो. तपासणी आणि औषध दोन्ही सरकारी दवाखान्यात फुकट आहेत.

पोटावरच्या चरबीचंही थोडं सांगतो. ती नुसती साठवण नसते. तिच्यातूनही धग वाढवणारी द्रव्यं रक्तात सुटतात. हातपाय काडीसारखे आणि पोट पुढं, अशी माणसं आपल्या गावात पुष्कळ आहेत. त्यांना वाटतं आपण बारीक आहोत, आपल्याला काय होतंय.

आता पुड्यांबद्दल बोलतो, आणि हे जरा रागानं बोलणार आहे.

आण्णांचे गुडघे दुखत. आठवडी बाजारात एक माणूस गाडीवर बसून सांधेदुखीची पावडर विकायचा. "झाडपाल्याची आहे, काही अपाय नाही," म्हणायचा. आण्णा आठ महिने ती घेत होते आणि खूषही होते, कारण दोन दिवसांत ठणका थांबला, भूक वाढली, चेहरा भरला. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिल्यांदा हेच विचारलं, "कुठली पुडी घेतात का?" अशा बिननावाच्या पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइडची गोळी कुटून घातलेली सापडते. स्टेरॉइड हे खरं औषध आहे, योग्य जागी ते जीव वाचवतं. ते दाह दाबतं म्हणून बरं वाटतं. पण त्याबरोबर राखणदारालाही झोपवतं, साखर चढवतं, हाडं पोकळ करतं. जखम चिघळत असताना ठणका आणि ताप दोन्ही झाकून टाकतं. तेव्हा ज्या पुडीवर कारखान्याचं नाव नाही, आत काय आहे ते लिहिलेलं नाही, ती घरात आणू नका. मात्र कुणी अशी पुडी महिनोन् महिने घेत असेल तर हे ऐकून आजच एकदम फेकू नका. स्टेरॉइड फार दिवस चालू असलं की शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं विसरतं, आणि अचानक तोडलं तर माणूस कोसळू शकतो. पुडी घेऊन डॉक्टरकडं जा, दाखवा, ते सांगतील तशी कमी करा.

दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांचंही तेच. डायक्लोफिनॅक हे नाव तुम्ही ऐकलं असेल. आपल्या आकाशातली गिधाडं कुठं गेली, हा प्रश्न तुमच्यातल्या वयस्कर मंडळींना पडला असेल. जनावरांना हे औषध टोचायचे, जनावर मेलं की गिधाडं ते खायची, आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. २००४ साली हे कारण उघड झालं आणि २००६ साली आपल्या सरकारनं जनावरांसाठी त्याचं उत्पादन बंद केलं. माणसाची मूत्रपिंडं गिधाडाइतकी नाजूक नाहीत. पण वय सत्तर, साखर, रक्तदाबाची गोळी, वर उन्हाचं काम आणि पाणी कमी, अशा माणसानं रोज दोन गोळ्या चघळल्या तर मूत्रपिंड आणि जठर दोन्हींना इजा होते. डॉक्टरांनी दिल्या तर तेवढ्याच दिवस घ्या. गावातल्या मेडिकलवाल्याला "ती लाल गोळी द्या" असं सांगून नाही.

हळदीबद्दल बोलताना मला जपून बोलावं लागतं, कारण आमचा भाग हळदीचा. भाजीत, दुधात हळद जरूर खा. पण तिच्यातलं जे द्रव्य दाहाविरुद्ध चांगलं म्हणून गाजतं, ते पोटातून रक्तात फार थोडं जातं. म्हणून हळद खाल्ली आणि साखर तपासायचं राहिलं, हा सौदा तोट्याचा आहे. उघड्या जखमेत हळद, चुना, तंबाखू, शेण, राख काहीही भरू नका. प्रतिकारशक्ती वाढवतो म्हणून जाहिरात करणाऱ्या बाटल्यांवर पाचशे-हजार घालवण्यापेक्षा त्या पैशाची डाळ आणि अंडी आणा.

जेवणाचा मुद्दा निघालाच आहे तर एक खटकणारी गोष्ट सांगतो. आपल्या घरचं दूध डेअरीला जातं, अंडी बाजाराला जातात, आणि म्हाताऱ्या माणसापुढं येतो चहा आणि बटर. दात नसतात, म्हणून भाकरी चहात बुडवून खातात, दिवस निघतो. पांढऱ्या पेशी, भरणारी जखम, मांडीचा स्नायू, या सगळ्यांना प्रथिनं लागतात. म्हातारपणी ती कमी नाही, उलट जरा जास्त लागतात. वजनाच्या प्रत्येक किलोमागं रोज साधारण एक ग्रॅम, म्हणजे पन्नास किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम. मऊ शिजवलेली घट्ट डाळ, मोड आणून कुस्करलेली मटकी, हुलग्याचं माडगं, शेंगदाण्याचं कूट, दही, एखादं अंडं, असं दिवसातून तीनदा विभागून द्या. एकाच जेवणात नको. मूत्रपिंडाचा आजार आधीच असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून. जवसाची चटणी चांगली आहे, तिच्या तेलात दाहाला विरोध करणारे गुण आहेत. शेवग्याचा पाला, तांदुळजा, अंबाडी बांधावर फुकट मिळते. ती गरिबाची भाजी म्हणून हिणवण्याची गरज नाही.

आणि त्यांना बसवून ठेवू नका. "आता तुम्ही आराम करा" हे आपण मायेनं म्हणतो. पण धडधाकट म्हातारी माणसं दहा दिवस अंथरुणात ठेवली, तर तेवढ्यात पायांतला स्नायू जवळजवळ एक किलोनं घटतो, असं २००७ साली अमेरिकेत मोजून पाहिलं आहे. काम करणारा स्नायू रक्तातली साखर स्वतःकडं ओढून घेतो आणि धग कमी करतो. शेळ्यांमागं हिंडणं, परसातली खुरपणी, देवळापर्यंत चालत जाणं, सगळं चालेल. ज्याला चालवत नाही त्यानं खुर्चीवरून हात न टेकता उठायचं-बसायचं, दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. फक्त रात्रीच्या लाईटीवर पाणी पाजायला म्हातारं माणूस पाठवू नका. ते तरण्यांनी करावं.

लसीचं विसरता कामा नये. पावसाळ्याआधी तुम्ही जनावरांना घटसर्प, फऱ्या टोचून घेता. २०२२ साली लम्पी आला तेव्हा गोठ्यापुढं रांगा लावून लस घेतलीत. मग आण्णांना धनुर्वाताची लस शेवटची कधी दिली, हे मला डॉक्टरांना सांगता आलं नाही. माती, शेण, काटा यांत हात घालणाऱ्या माणसानं दर दहा वर्षांनी ती घ्यायला हवी. जखम मळलेली असेल तर डॉक्टर मधेही देतात. दरवर्षीच्या फ्लूची आणि न्यूमोनियाची लसही साठीपुढच्यांसाठी असते. ती विकत घ्यावी लागली तरी डॉक्टरांना विचारून शक्य असेल तर घ्या. म्हाताऱ्या शरीरात लसीचा जोर तरण्याइतका चढत नाही हे खरं आहे, तरी मोठा आजार आणि मरण टाळायला तिची मदत होते.

आता पायाची रीत सांगतो. ज्यांच्या घरी साखरेचं माणूस आहे त्यांनी ही लिहून घ्यावी. रोज रात्री पाय साध्या पाण्यानं धुवायचे, बोटांच्या मधली जागा कोरडी करायची. उजेडात तळपाय उलटा करून बघायचा. दिसत नसेल तर खाली आरसा धरायचा, नाहीतर नातवाला बघायला सांगायचं. भेग, फोड, काळा ठिपका, लाली, काही दिसलं तर दुखत नाही म्हणून थांबायचं नाही. अनवाणी रानात नाही, आणि घरातही नाही. चप्पल घालण्याआधी झटकायची आणि आत हात फिरवायचा. बधिर पायाला गरम पाण्याचा किंवा विटेचा शेक कधीच द्यायचा नाही, कारण भाजलेलं कळत नाही. कुरूप पात्यानं कापायचं नाही. जखम झालीच तर साबण आणि वाहतं स्वच्छ पाणी, वर धुतलेलं कोरडं फडकं, आणि त्याच दिवशी दवाखाना.

आमच्या घरी आता रात्रीची भांडी झाली की आण्णा पाय पाटावर ठेवून बसतात आणि आई आरसा धरते. पहिले काही दिवस ते लाजायचे. म्हणायचे, "बायकूनं माझं पाय बघायचं, ह्ये काय बरं दिसतंय का?" आता आईला उशीर झाला तर तेच हाका मारतात. साखर दोनशेच्या आत आली आहे, अजून खाली यायला हवी. पुढचा भाग कापलेल्या पायाला खास चप्पल करून घेतली आहे, ती घालून ते बांधापर्यंत जातात. बाभळ तोडायचं काम मात्र मी माझ्याकडं घेतलं आहे, आणि ते अजून अर्धंच झालं आहे.

पुढच्या गुरुवारी याच वेळी उसातल्या हुमणीबद्दल बोलू. वळवाचा पाऊस झाला की बाभळीवर आणि कडुलिंबावर संध्याकाळी भुंगे जमतात, ते गोळा करून रॉकेलच्या पाण्यात कसे मारायचे ते सांगेन. नमस्कार.